घरचा साबण आणि कॉस्टिक सोडा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खोबरेल तेलाचा साबण घरी कसा करायचा त्यावर लिहिलं होतं, तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येतच आहेत. वास कुठला घालू, रंग कुठला घालू असले प्रश्न येतील असं वाटलं होतं, पण बहुतेक सगळ्यांची गाडी कॉस्टिकवर, म्हणजे तेलाचा साबण ज्यानं होतो त्या कॉस्टिक सोड्यावर (सोडियम हायड्रॉक्साइडवर) येऊन थांबलीय. चांगलंच आहे. वास जमला नाही तर फार तर साबण आवडणार नाही, कॉस्टिक सांभाळता आलं नाही तर माणसाला इजा होते, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत, आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत.

म्हापशाहून एक ताई विचारतात: कॉस्टिक पाण्यात घालायचं की कॉस्टिकवर पाणी ओतायचं? व्हिडिओत एकजण असं करतो, दुसरा तसं. माझी नणंद म्हणते शेवटी मिसळून एकच होणार, मग फरक काय पडतो.

खूप फरक पडतो ताई. पाणी आधी, कॉस्टिक मागून, कायम हाच क्रम. कॉस्टिक पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता सोडतं, साबणाला घेतो त्या प्रमाणात म्हणजे एक भाग कॉस्टिकला दोन भाग पाणी असं घेतलंत तर साधं नळाचं पाणी गॅस न लावता काही मिनिटांत 80-90 डिग्रीपर्यंत चढू शकतं. पाणी भरपूर आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं पडत असेल तर ती उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. उलटं केलंत तर कॉस्टिकच्या ढिगावर जे पहिलं थोडं पाणी पडतं ते तिथल्या तिथं उकळून उसळतं, आणि उसळतं ते कॉस्टिकला घेऊनच. शिवाय खाली कडक थर बसतो, मग माणूस तोंड भांड्यावर आणून चमच्यानं तो टोचत बसतो, म्हणजे नको तिथं नको ते.

मी कशी करते ते सांगते. पाणी थंड घ्यायचं, फ्रिजमधलं असलं तर उत्तम, गरम कधीच नाही. भांडं स्टीलचा उंच टोप नाहीतर जाड पॉलिप्रॉपिलीनचा जग, त्याच्या बुडाला त्रिकोणात 5 आकडा असतो तो, आणि एवढं मोठं की अर्ध्याच्या वर भरणार नाही. काच नको, ओव्हनमध्ये चालते म्हणून विकतात ती काचसुद्धा नको, कॉस्टिक काचेला हळूहळू खातं, वर्षभर काही होत नाही आणि एके दिवशी गरम लाय, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॉस्टिक, आत असताना तडकते. भांडं सिंकमध्ये ठेवायचं म्हणजे सांडलं तरी तिथंच राहील. मग चमचा चमचा कॉस्टिक घालत स्टीलच्या नाहीतर सिलिकॉनच्या चमच्यानं ढवळत राहायचं, वाकायचं नाही, वाफ घशाला झोंबते. खिडकी उघडी पाहिजे किंवा सरळ मागीलदारी पडवीत करायचं, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून, जवळ पाण्याची सोय ठेवून. फक्त वजन करताना पंखा बंद ठेवा, कॉस्टिकचे फ्लेक्स म्हणजे पापुद्रे हलके असतात, उडून ओट्यावर पडतात आणि मग तासाभरानं कोणीतरी त्यावर हात टेकतं.

अंगावर काय घालायचं हे पण खूप जणींनी विचारलंय. आपल्याकडची हवा बघता घरी बिनबाह्यांचा गाऊन आणि पायात सपाता हाच वेश असतो, त्या दिवशी तो नको. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, कोपरापर्यंतचे रबरी ग्लोव्ह, केस बांधलेले, आणि बाजूनं बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, थेंब बाजूनं आणि खालून आत जातो. लोकरीचं किंवा रेशमी काही अंगावर नको, कॉस्टिक या धाग्यांना विरघळवतं. ग्लोव्ह लोक आठवणीनं घालतात आणि गॉगल विसरतात, मला विचाराल तर दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर मी गॉगल मिळेपर्यंत थांबेन. कातडी भरून येते, डोळ्याचं तसं नाही.

आणि हे आपल्याकडे सांगायलाच हवं, ज्या दिवशी नळाला पाणी नाही त्या दिवशी कॉस्टिकचा डबा उघडायचा नाही. पाणी असलं तरी एक भरलेली बादली आणि पाणी ओतायचा मग शेजारी ठेवूनच सुरुवात करायची.

फोंड्याहून कॉलेजात जाणारी एक वाचक: हातावर उडालं तर व्हिनेगर लावायचं ना? कॉस्टिक अल्कली, व्हिनेगर ॲसिड, म्हणजे न्यूट्रल होईल. आमच्या घरात माडाचं व्हिनेगर कायम असतं.

बाय, तुझं केमिस्ट्रीचं समीकरण बरोबर आहे पण कातडीवर ते करायचं नाही. ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की परत उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्या जागी आणखी भाजणार, आणि व्हिनेगर शोधण्यात, बूच उघडण्यात जो वेळ जातो तेवढ्यात कॉस्टिक आत उतरत असतं. खरं औषध म्हणजे वाहतं पाणी, भरपूर, आणि लगेच.

कोरडे फ्लेक्स किंवा पावडर पडली असेल तर आधी कोरड्या कपड्यानं झटकून टाक, ओल्या हातानं चोळू नको, मग पाणी. लाय उडाली असेल तर सरळ नळाखाली. कपड्यावर पडलं असेल तर पाण्याची धार चालू ठेवूनच कपडा काढायचा, लाज बाजूला. धुवायचं किती, तर कमीत कमी 20 मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटं धुतलं आणि आग कमी झाली म्हणून थांबायचं नाही, कारण अल्कलीचं भाजणं फसवं असतं, सुरुवातीला दुखत नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. ॲसिडनं भाजतं तेव्हा वरची कातडी आखडून थर होतो आणि तो पुढचं थोडं तरी अडवतो, अल्कली मात्र कातडी विरघळवत खोल जात राहतं. म्हणून बुळबुळ जाईपर्यंत पाणी. नंतर लाल चट्टा मोठा असेल, फोड आला असेल, पांढरी किंवा काळपट जागा दिसत असेल तर डॉक्टरकडे जायचंच, आणि तोपर्यंत त्यावर हळद, टूथपेस्ट, तूप काही लावायचं नाही.

डोळ्यात गेलं तर एक सेकंदही विचार करायचा नाही. डोळा बोटांनी उघडा धरून नळाखाली किंवा मगानं पाणी ओतत राहायचं, कमीत कमी अर्धा तास, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढायची नाहीतर तिच्यासकट धुवायचं. धुणारा धुवेल, दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा किंवा गाडी काढायची, आणि बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळ असेल त्या जिल्हा हॉस्पिटलात, म्हापसा नाहीतर मडगाव, तिथं न्यायचं. गाडीत पण बाटलीनं पाणी ओतत राहा. आधी हॉस्पिटलात पोचू मग धुवू असं केलंत तर जे नुकसान व्हायचं ते वाटेतच होऊन जातं. याचसाठी मी म्हणते, कॉस्टिक मिसळताना घरात दुसरं मोठं माणूस असू दे, डोळे मिटलेले असताना फोन कोण लावणार.

तोंडात गेलं तर तोंड धुवायचं, उलटी करवायची नाही, कारण जे जाताना जाळतं ते येताना परत जाळतं. लिंबू, व्हिनेगर काही पाजायचं नाही. सरळ हॉस्पिटल, आणि कॉस्टिकचं पाकीट बरोबर न्यायचं.

व्हिनेगरचा उपयोग एकाच ठिकाणी, जमिनीवर किंवा ओट्यावर सांडलं तर. तेही आधी ग्लोव्ह घालून पुसून, भरपूर पाण्यानं धुवून, अगदी शेवटी.

साखळीहून: घरात जुना मोठा जर्मनचा टोप आहे, आता स्वयंपाकाला वापरत नाही. तो साबणाला ठेवला तर चालेल का?

अजिबात नाही. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हिंडालियम पण त्यातलंच, आणि कॉस्टिकची लाय ॲल्युमिनियमला खाते. फेस येतो, भांडं काळं पडतं, पाणी आपोआप उकळायला लागतं आणि हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेणारा आहे आणि आपण उभे असतो गॅसच्या शेगडीशेजारी. पातळ भांड्याला भोक पडून सगळी लाय पायावर येऊ शकते. हे नुसत्या टोपाचं झालं, पण लोक चमचा, गाळणी, झाकण, फॉइल विसरतात. केकचे जुने टिन मोल्ड म्हणून वापरतात ते पण बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, ताजा साबण त्यांनाही खातो. जस्ताची बादली नको, कल्हई लावलेलं पितळेचं भांडं नको, कल्हई कॉस्टिकमध्ये सुटते. नॉनस्टिक पण नको, खरवडलेल्या जागी खाली ॲल्युमिनियमच असतं. स्टील आहे की नाही शंका असली तर साबणाचं काम त्यात करूच नका. आणि साबणाची भांडी साबणालाच, परत स्वयंपाकात नाहीत, त्यांच्यावर परमनंट मार्करनं मोठ्ठं लिहून ठेवा.

मडगावहून एक काकी: रेसिपी 500 ग्रॅम खोबरेल तेलाची होती, त्याला 87 ग्रॅम कॉस्टिक. खोबरेल महाग झालं म्हणून मी तेवढंच सूर्यफुलाचं तेल घातलं, बाकी सगळं तेच. साबण वरून ठिसूळ झालाय आणि हात धुतल्यावर चरचरतं. आणखी थोडे दिवस सुकवू का?

काकी, सुकवू नका आणि वापरूही नका, ग्लोव्ह घालून बाजूला उचलून ठेवा. तुमच्याकडून वाईट काही झालेलं नाही, तेलाच्या बदल्यात तेल हा आपला स्वयंपाकाचा हिशेब, तो साबणात लागू पडत नाही एवढंच. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी असते. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, सूर्यफुलाला 0.135 च्या आसपास. 500 ग्रॅम खोबरेलाला झाले 91.5, त्यातून 5 टक्के कमी करून 87, म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं, त्याला सुपरफॅट म्हणतात, तीच आपली सेफ्टी. 500 ग्रॅम सूर्यफुलाचं तेल मात्र सगळंच्या सगळं साबण झालं तरी 67.5 ग्रॅमच कॉस्टिक खातं. तुम्ही घातलं 87. म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम कॉस्टिक त्या वड्यांमध्ये तसंच मोकळं बसलंय, त्याला खायला तेलच नाही. महिनाभर सुकवलं तरी ते अंघोळीच्या साबणाएवढं सौम्य होईल अशी आशा धरू नका.

वाचवायचा असेल तर हिशेब असा, 87 ग्रॅम कॉस्टिकला 5 टक्के सुपरफॅट धरून सूर्यफुलाचं तेल लागतं साधारण 678 ग्रॅम. तुमचं 500 आहे, म्हणजे अजून 180 ग्रॅम तेल घाला. वड्या ग्लोव्ह आणि गॉगल घालून किसा, स्टीलच्या टोपात थोडं पाणी आणि ते तेल घालून मंद आचेवर सगळं एकजीव होऊन जाडसर होईपर्यंत शिजवा, मग मोल्डमध्ये भरा. किसताना मास्क पण लावा, भुगा नाकात गेला तर झोंबतो. एवढं करूनही तो साबण मी कपडे किंवा लादी धुवायलाच ठेवला असता, अंगाला नाही.

पुढच्या वेळी कुठलंही तेल बदललं की सोप कॅल्क्युलेटरवर पहिल्यापासून आकडे काढायचे. तिथं सोडियम हायड्रॉक्साइड निवडलंय की पोटॅशियम ते पण बघा, वडीच्या साबणाला सोडियम, लिक्विडला पोटॅशियम, आणि पोटॅशियम वजनानं 1.4 पट लागतं, त्यामुळे अदलाबदल झाली की सगळं बिघडतं. मोजायचं डिजिटल काट्यावर, ग्रॅममध्ये, पाणी आणि तेल सुद्धा ग्रॅममध्येच. चमचे, वाट्या, अंदाज यातलं काही नाही. आपल्या बायकांचा हात अंदाजात फार चांगला असतो, हुमणात मीठ किती ते बघून कळतं, आणि म्हणूनच मला याची जास्त काळजी वाटते.

काणकोणहून: नारळाच्या रसाचा साबण आणि ताज्या सुरेचा, म्हणजे माडीचा, साबण करायचा आहे. घरचे माड आहेत. पाण्याऐवजी सरळ तेच वापरलं तर? आणि फेणी?

फेणी नको. तिच्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, गरम लायमध्ये ते एकदम उसळतं, वाफ पेट घेऊ शकते, आणि साबण भांड्यातच गोठून बसतो. नुसत्या हौसेसाठी एवढा धोका पत्करू नका.

सूर चालते पण तशीच नाही. तिच्यात गॅस आहे, अल्कोहोल आहे आणि साखर आहे, तिन्ही कॉस्टिकशी भांडतात. आधी ती मोठ्या टोपात चांगली उकळून निम्म्यावर आणायची म्हणजे गॅस आणि अल्कोहोल जातं, मग पूर्ण गार करून फ्रिजरमध्ये बर्फ करायचा. साखर मात्र उकळून जात नाही, उलट दाट होते, आणि साखर असलेल्या पातळ पदार्थात कॉस्टिक नेहमीपेक्षा जास्त तापतं. म्हणून भांडं एवढं मोठं घ्या की मिश्रण तिसऱ्या भागापर्यंतच येईल, बाहेरून बर्फाच्या पाण्याचं टब, आणि कॉस्टिक अगदी चिमटीचिमटीनं म्हणतात तसं, पण चमच्यानं. फेस वर चढायला लागला तर भांडं उचलून पळू नका, हात काढून मागे सरा, सिंकमध्ये असेल तर सिंकमध्येच जाईल.

नारळाच्या रसाला पण तेच, बर्फाचे क्यूब करून त्यावर थोडं थोडं कॉस्टिक. बर्फ घन असला तरी आपण घालतोय ते कॉस्टिकच, एकदम ढीग टाकायचा नाही. रंग पिवळा-नारिंगी होतो आणि अमोनियासारखा वास येतो, घाबरू नका, रसातली प्रथिनं आणि साखर त्याला कारण, सुकताना तो वास बहुतेक जातो. माझी आवडती रीत याहून सोपी आहे. कॉस्टिक त्याच्या वजनाएवढ्याच साध्या पाण्यात विरघळवायचं, याहून कमी पाणी कधीही घ्यायचं नाही कारण मग नीट विरघळत नाही आणि वडीत कॉस्टिकचे कण राहतात, आणि उरलेलं जेवढं पाणी रेसिपीत आहे तेवढा नारळाचा रस आधी तेलात घालून ठेवायचा. कॉस्टिक आणि रस समोरासमोर येतात तेव्हा मध्ये तेल असतं, जळत नाही. एवढं लक्षात ठेवा की ही निम्मी-निम्मी लाय नेहमीच्या लायपेक्षा तिखट असते, एक थेंब पण हातावर नको.

मोल्डवर टॉवेल गुंडाळू नका. नुसत्या खोबरेलाचा साबण तसाच आतून तापतो, त्यात साखर, त्यात आपला मे महिना, मध्ये फुगून चीर पडते आणि वर येतो. उघडा ठेवा, पण मुलं-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी.

डिचोलीहून: पावसाळ्यात कॉस्टिकचं पाकीट उघडं राहिलं, आता सगळं ओलं, गोळा झालंय, खाली पाणी साठलंय. टाकून द्यायचं का? आणि कुठे?

ते पाणी पाणी नाही, ती तीव्र लाय आहे, आधी ते मनात पक्कं करा. कॉस्टिक हवेतला ओलावा खेचतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही, तासाभरात फ्लेक्स चिकट होतात. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होत जातो, म्हणजे वजन तेवढंच पण ताकद कमी. त्याचा साबण केलात तर कॉस्टिक जास्त होण्यापेक्षा कमी पडेल, तेलकट मऊ होईल. अंगाच्या साबणाला नको, पण तळणीच्या उरलेल्या तेलाचा लादी पुसायचा साबण करून संपवा, मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. मागीलदारी मातीत ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच, माडाच्या आळ्यात पण नाही. बाथरूममध्ये ओतायचं म्हटलं तर तिथं टॉयलेट साफ करायचं ॲसिड असतं, दोन्ही एकत्र आले की उकळून तोंडावर येतं.

यापुढे आणताना लहान पॅक आणा, एका-दोन बॅचला पुरेल एवढंच. जाड एचडीपीई प्लास्टिकचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा डबा, त्यावर "कॉस्टिक सोडा, विष" असं मराठीत आणि कोंकणीत, घरात कामाला येणाऱ्या माणसाला वाचता येईल त्या भाषेत पण, आणि कुलपात. वरच्या फळीवर नको, काढताना डोक्यावर पडतो. बर्नीत, आइस्क्रीमच्या डब्यात, मिठाच्या शेजारी तर कधीच नाही, दिसायला ते खडेमीठच वाटतं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एका गोष्टीसाठी. उरलेली लाय कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. ती पाण्यासारखीच स्वच्छ दिसते, वास नाही, रंग नाही, आणि दुपारी खेळून आलेलं मूल बाटली उघडून तोंडाला लावतं. एका घोटात अन्ननलिका जळते, पुढे आकसत जाते, वर्षानुवर्षं उपचार चालतात. लाय लागेल तेवढीच करायची, त्याच दिवशी संपवायची. गार व्हायला ठेवली असेल तर त्या भांड्यावर पण चिठ्ठी, आणि तिथून हलायचं नाही.

काही जणांनी विचारलंय: दुकानात ड्रेन साफ करायची पावडर मिळते त्यात पण कॉस्टिकच असतं, ती चालेल का? आणि बॅटरीचं पाणी?

ड्रेनची पावडर नाही. तिच्यात कधी ॲल्युमिनियमचे तुकडे असतात, कधी दुसरं काही, आणि किती टक्के कॉस्टिक ते माहीत नसतं. केमिकलच्या दुकानातून शुद्धता लिहिलेले फ्लेक्स घ्या, 98 टक्क्यांच्या पुढचे, सीलबंद. डिस्टिल्ड वॉटर म्हणून बॅटरीचं पाणी आणणारे असतात, तर लेबल दोनदा वाचा, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिड पण असतं आणि ते कॉस्टिकला लागलं तर स्फोटासारखं उसळेल. औषधांच्या दुकानातलं डिस्टिल्ड किंवा घरचं आरओचं पाणी घेतलं की हा प्रश्नच मिटतो.

पेडण्याहून: कॉस्टिक नकोच आहे. जुन्या काळी राखेच्या पाण्याचा साबण करायचे तो नॅचरल, तसा करता येईल का? की खाण्याचा सोडा वापरू?

खाण्याच्या सोड्यानं नाही होणार आणि धुण्याच्या सोड्यानंही नाही, तेलाचा साबण करण्याएवढी ताकद त्यांच्यात नाही, नुसतं तेलकट पाणी मिळेल. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते आटवून, चुन्याबरोबर घेऊन लोक साबण करत होते हे खरं, पण कुठल्या लाकडाची राख, किती आटवली यावर ताकद बदलते आणि मोजायला काही नाही. म्हणजे पाकिटावर टक्के लिहिलेलं कॉस्टिक सोडून टक्के माहीत नसलेलं कॉस्टिक घ्यायचं, ते पण उकळतं. यात सेफ काय आहे मला कळत नाही. साबण म्हणजेच तेल आणि अल्कली, बिनकॉस्टिकचा म्हणून विकतात त्यात पण ते कोणीतरी आधी वापरलेलंच असतं. नीट मोजलेला साबण तयार झाला की त्यात मोकळं कॉस्टिक उरत नाही.

कॉस्टिक घरात नकोच असेल तर त्यात कमीपणा काही नाही, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर मी स्वतः हेच सांगेन. मेल्ट अँड पोअरचा तयार बेस आणा, वितळवून त्यात थोडं भिरंडेल (कोकमाचं तेल), तुमच्या बागेतली सुकवलेली कडुनिंबाची पानं घाला. नाहीतर रिठे आहेतच.

वास्कोहून एक आई: माझा नऊ वर्षांचा मुलगा मागे लागलाय, त्याला मदतीला घेऊ का?

लाय करताना, तेलात मिसळताना आणि ओतताना नाही, त्या वेळी तो शेजारी नाहीतर आजीकडे. स्टिक ब्लेंडर तर मोठ्यांच्या हातात पण तोंड पूर्ण बुडवल्यावरच चालू करायचं, नाहीतर शिंतोडे उडतात. ट्रेस आला म्हणजे मिश्रण दाट झालं, मोल्डमध्ये भरला म्हणजे झालं असं नाही, पहिले एक-दोन दिवस तो कच्चा साबण कॉस्टिकसारखाच धरायचा, कापताना पण ग्लोव्ह. महिन्याभरानं सुकलेल्या वड्यांवर ठसा मारणं, कागदात गुंडाळणं हे त्याला द्या. मेल्ट अँड पोअर तो तुमच्याबरोबर पहिल्या दिवसापासून करू शकतो, फक्त गरम टोप तुम्ही धरायचा.

केप्याहून: साबण तयार झाला, कॉस्टिक उरलं नाही, हे कसं ओळखायचं? वडीवर थेंब येतात आणि पांढरी पावडर पण दिसते.

जिभेला लावून बघा असं सांगणारे बरेच आहेत, झटका बसला तर कॉस्टिक आहे म्हणे. मी ते सांगणार नाही. फिनॉल्फथॅलिनचं सोल्यूशन केमिकलच्या दुकानात मिळतं, कापलेल्या वडीवर एक थेंब टाका. फिका गुलाबी आला तर ठीक, साबण स्वतःच थोडा अल्कलीच असतो, पीएच साधारण 9 ते 10. गडद राणी रंग आला तर कॉस्टिक मोकळं आहे. वरची पांढरी पावडर बहुतेक सोडा ॲश असते, हवेला लागून झालेली, ओल्या कपड्यानं पुसली जाते. थेंबांचं मात्र बघावं लागतं. पावसाळ्यात साबणातलं ग्लिसरीन ओलावा ओढतं आणि वडीला घाम येतो, तो निरुपद्रवी. पण कापल्यावर आत पोकळी आणि त्यातून पाणी निघालं तर ती लाय असू शकते, त्या पाण्यावरच फिनॉल्फथॅलिन टाका, तोपर्यंत हात लावू नका. सुकायला चार ते सहा आठवडे सांगतात, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त धरा, चवथीला भेट द्यायच्या असतील तर मे महिन्यातच करून ठेवा.

म्हापशाहूनच आणखी एक: शुक्रवारच्या बाजारात विकायला बसू का? दोन-चार मैत्रिणींना फार आवडलाय.

मैत्रिणींना भेट द्या खुशाल, वर कागदावर काय काय घातलंय आणि कधी केला ते लिहून. विकायचं म्हटलं की अंगाचा साबण कायद्यानं कॉस्मेटिक धरतात, 1940 चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट आणि 2020 चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू होतात, आणि बनवायला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे गोव्यात ते काम एफडीए (अन्न आणि औषध प्रशासन) बघतं, ऑफिस बांबोळीला आहे. जागा, साधनं, माल तपासणं, लेबल यांच्या अटी आहेत, त्या स्वयंपाकघरात बसत नाहीत असं समजूनच चला. ज्यांना खरंच धंदा करायचा आहे त्यांनी आधी तिथं जाऊन काय लागतं ते विचारून घ्या, मग सामान घ्या. आणि आजपासून एक वही घाला, प्रत्येक बॅचची तारीख, प्रत्येक तेलाचं वजन, कॉस्टिकचं वजन आणि कुठल्या पाकिटातलं, पाणी किती. उद्या कुणाच्या अंगाला खाज आली तर कुठल्या वड्या परत मागवायच्या ते त्या वहीवरूनच कळतं.